चौथ्या चाकाचं कुलूप

४ एप्रिल, शनिवार

गाडी आली. वैशालीचे मामा स्वतः धुळ्याहून चालवत घेऊन आले. असोद्यात शिरल्यापासून हॉर्न, त्यामुळे अर्धी गल्ली ओट्यावर. आईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, चाकांखाली लिंबं ठेवली. रंग राखाडी. जुनी आहे, पण पत्रा चांगला. अलॉयची चाकं आहेत, हे मामांनी आधी सांगितलंच नव्हतं. "जावईबापू, एका हाताखालची आहे. घरचीच गाडी समजा."

वै. पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. गाडीकडे बघून थांबली. मग मामांकडे बघितलं, मग आत गेली. तांब्या तसाच हातात.

टायर बघितले. चारही बाजूंनी भेगा. रबर वाळलंय. उन्हात पुष्कळ उभी असणार.

चालवायला बसलो तर सीट एकदम मागे. पाय क्लचला पोचेना. आधीचा मालक उंच दिसतो. सीट पुढे घेतली, आरसा खाली केला.

५ एप्रिल, रविवार

सकाळी चहा देताना वै. म्हणाली, "एक सांगू? ही गाडी मी ओळखते."

लग्नाआधी तिला धुळ्याचं एक स्थळ आलं होतं. माझ्या आधी. मामांनीच आणलेलं. त्या मुलाची ही गाडी. याच गाडीतून ते लोक भडगावला तिला बघायला आले होते.

"तू बसलीस यात?"

"हो. बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर सगळे देवीला गेलो होतो ना. मागे बसले होते. मामी पण होत्या."

मागे कुठल्या बाजूला, ते विचारलं नाही. पुढे आरशात कोण बघत होतं, तेही नाही.

मामांना फोन केला. "अहो त्यात काय! स्थळ वेगळं, गाडी वेगळी. त्यांना विकायची होती, तुम्हाला घ्यायची होती. माझी माणसं, म्हणून डोळे झाकून घेतली." मी विचारलं, स्थळ कशाने मोडलं? "नाही जमलं. जमत नाही कधी कधी." मग रेंज नाही म्हणून फोन ठेवला. धुळ्यात रेंज नाही!

त्याचं नाव किरण. एकदाच लिहिलं. यापुढे धु.

पुढच्या काचेवर आकडे कापून चिकटवलेले. 'गाडीची अडचण झाल्यास फोन करा', खाली धु.चा नंबर. दुपारी ब्लेडने खरवडून काढले. गोंद राहिला. समोरून ऊन आलं की नंबर अजून वाचता येतो.

६ एप्रिल, सोमवार

गाडी दुकानावर नेली. आबा (आमचे मालक, हायवेवर टायरचं दुकान, शाळा सुटल्यापासून मी इथेच) टायरांवरून हात फिरवत म्हणाले, "या टायरांवर भडगाव? या उन्हात? रस्त्यात फुटेल एखादा. मुलीला घेऊन जाणार ना?"

लग्नानंतरची पहिली आखाजी आहे, म्हणजे अक्षय्य तृतीया. वै. माहेरी जाणार. रीत अशी की भाऊ मुराळी म्हणून घ्यायला येतो. पण काल मीच तिच्या भावाला फोनवर सांगून बसलो, तू येऊ नको, मी गाडीतून आणतो. आई, शेजारच्या अक्का, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. आता नेलंच पाहिजे.

आबांनी चार नवे टायर माझ्या नावावर बाजूला काढून ठेवले. जॅक लावला आणि कळलं. प्रत्येक चाकाला चार नट, त्यातला एक वेगळा. बाहेरून गोल, पाना धरायला कोपराच नाही. तोंडावर फुलासारखी खाच. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून असा लॉक नट लावतात. त्या खाचेत बसेल अशी अंगठ्याएवढी चावी असते, तीच पाहिजे. दुसऱ्या कशाने निघत नाही.

डिक्की, स्टेपनीखाली, पुढचा कप्पा, चटया, सगळं काढून बघितलं. चावी नाही. मागच्या सीटच्या फटीत केसांची एक काळी पिन सापडली. खिशात ठेवली.

आबा: "मालकाला फोन कर की. दोन मिनिटांचं काम."

मी: "केला. लागत नाही त्याचा."

केला नव्हता.

७ एप्रिल, मंगळवार

वै.ला पिन दाखवली. "ही तुझी?"

"अशा पिना सगळ्या गावाकडे असतात."

हे उत्तर झालं का?

८ एप्रिल, बुधवार

आबा म्हणाले, चावी नाही तर ठोकावं लागेल. रीत अशी: नटापेक्षा केसभर लहान अशी जुनी गोटी (पान्याची पोकळ टोपी) घ्यायची, ती नटावर हातोड्याने ठोकून बसवायची. घट्ट बसली की मागे लांब दांडी, दांडीला पाईप, आणि सावकाश जोर. हवेची गन लावायची नाही. आबांनी बजावलं, "घाई केलीस तर नट राहील आणि चाक जाईल. अलॉय ठिसूळ असतं."

पुढचं डावं चाक. अलॉयला ओरखडा नको म्हणून भोवती सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली. ठोकलं. पाईपवर अंग टाकलं. काही नाही, काही नाही, मग एकदम 'कट्'. मला वाटलं दांडी मोडली. नट फिरला होता.

गोटीत अडकलेला नट मागून सळईने ठोकून काढला. बाहेरून चेपलाय, तोंडावरचं फूल मात्र जसंच्या तसं. पत्र्याच्या डब्यात ठेवला.

घरी आल्यावर वै.ला सांगितलं. ती खरंच खूश झाली. मग मी उगीच विचारलं, "कसा होता तो?"

"कोण?"

"धुळ्याचा."

भाजी ढवळत थोडा विचार केला तिने. विचार केला, हे महत्त्वाचं. "नीटनेटका वाटला."

आमच्या घरात नीटनेटका मी आहे. हे सगळे म्हणतात. आई तर वैतागून म्हणते.

१० एप्रिल, शुक्रवार

दुकानात गर्दी, स्वतःच्या गाडीला हात लावायला वेळ नाही. आबांनी नवा बोर्ड रंगवून घेतला, 'पंचर'. मी म्हटलं, पंक्चर. आबा म्हणाले, "ज्याचं झालंय त्याला कळतं. तू तुझं चाक काढ आधी."

मधल्या वेळेत एकच विचार. चाकांना कुलूप लावणारा माणूस कसा असेल? सगळं जपणारा. आपल्याकडचं कुणी नेऊ नये असं वाटणारा. मग तिला कसं जाऊ दिलं?

११ एप्रिल, शनिवार

दुसरा नट. गोटी उभी फुटली, तुकडा हाताला लागला. भंगारवाल्याकडून जुन्या गोट्या आणल्या. दुपारनंतर निघाला. पुढची दोन्ही चाकं मोकळी झाली. नवे टायर चढवले. गाडी पुढून एकदम रुबाबदार दिसते. मागून तीच.

१२ एप्रिल, रविवार

जेवताना वै. म्हणाली, "मामाला सांगून चावी मागवू का? त्यांच्याकडे असेलच कुठेतरी."

"नको."

"का पण?"

"होतंय माझं."

"हाताला पट्टी बांधून होतंय?"

आई मध्येच, "काहून भांडता रे? तुले काय झालं? ताटात बघून जेव न."

मी ताटात बघून जेवलो. 'त्यांच्याकडे' म्हणाली. 'त्याच्याकडे' नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

सुट्टी, पण आबांनी दुकानाची किल्ली दिली होती. मागचं उजवं चाक. नट गंजलेला. कालच डिझेल सोडून ठेवलं होतं. ठोकलं, पाईप लावला, थोडं पुढे थोडं मागे करत हलवला. निघाला! तिसरा टायर चढवला. डब्यात तीन नट.

दुपारी आबा येऊन गाडी सावलीत लावून गेले. नंतर मी बसलो तर सीट पुन्हा एकदम मागे. अंगावर काटाच आला. मग आठवलं, आबा उंच आहेत. तरी घाईघाईने सीट पुढे ओढली. असा काय झालोय मी?

१५ एप्रिल, बुधवार

सकाळी निघताना वै. म्हणाली, "मी मामाशी बोलले. किरण उद्या… म्हणजे ते, उद्या दीपनगरला चाललेत कामाला. वाटेत दुकानावर चावी देऊन जातील."

नाव घेतलं. मग सावरलं. सावरलं कशाला?

दुकानावर जाऊन थेट मागचं डावं चाक धरलं. उद्या तो यायच्या आत चौथा नट काढायचा होता. एवढंच डोक्यात. तो आला की डबा पुढे करायचा. "बघा, तुमच्या चावीवाचून झालं."

ट्यूब गुंडाळली नाही. गोटी तिरकी बसली, पाईप ओढला तर सटकली. परत ठोकली, परत सटकली. मग छिन्नी घेतली. नटाच्या तोंडावर तिरकी धरली आणि हातोडा मारायला लागलो.

आबा गिऱ्हाईक सोडून ओरडले, "अरे छिन्नी नको! खाच बुजेल! गोपाळ!"

ऐकू आलं. मी थांबलो नाही.

नट तसूभरही फिरला नाही. फूल मात्र चेपून गेलं. अलॉयवर पांढरी चीर पडली. आबांनी माझ्या हातातून हातोडा घेतला. रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं.

१६ एप्रिल, गुरुवार

धु. आला.

बुटका आहे. माझ्या खांद्याला लागेल एवढा. पोट सुटलेलं. म्हणजे सीट मामांनी मागे घेतली असणार. धुळ्याहून गाडी त्यांनीच चालवत आणली, आणि मामा उंच आहेत. एवढे दिवस मी एका उंच माणसावर…

नव्या गाडीतून उतरला, लांबूनच हात जोडले. "काय पाहुणे, बठ्ठं ठीक शे ना?" आबांच्याही पाया पडला. मग खिशातून लाल फडक्याची पुरचुंडी काढली. आत चावी. कुंकवाने माखलेली, खाचांमध्ये हळद आणि अक्षता.

म्हणाला, "हसू नका. खंडेनवमीला गाडीची हत्यारं पुजली. पाना, जॅक, आणि ही. दुसऱ्या दिवशी बाकीचं उचललं, ही राहिली देवघरात. आईला वाटलं देवाचंच काहीतरी. रोज न्हाऊ घालायची, कुंकू लावायची. गाडी विकली तरी कुणाला आठवण नाही. परवा मामांचा फोन आला तेव्हा शोधाशोध. आई द्यायला तयार नव्हती! म्हणे देवाला कशाला हलवता."

आबा पोट धरून हसले. मीही हसलो, उशिरा.

आबांनी डब्यातल्या नटावर चावी लावून बघितली. टक्. घट्ट बसली. दुसऱ्यावर टक्. तिसऱ्यावर टक्. मग चौथ्या चाकाशी गेले. बसेना. फिरवून बघितली, हलकेच ठोकून बघितली. बसेना.

धु. उकिडवा बसला. चेपलेल्या फुलावरून बोट फिरवलं. "अरेरे. याला कुणी मारलं?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. "आधीचंच असेल," म्हणाले.

त्याची गाडी. आधीचं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तो उठला, हात झटकले. "असेल, असेल. जुनी गाडी." चावी मात्र माझ्या हातात दिली. "तुम्ही फोन करायचा ना राव. नंबर तर काचेवरच होता."

चहा झाला. त्याचंही लग्न झालंय. बायको पारोळ्याची. ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटतंय तोवर तो म्हणाला, "तुमच्या मिसेस हुशार आहेत बरं. बघायला गेलं की मुलीला सगळे विचारतात. त्यांनी उलटा मलाच एक प्रश्न विचारला. मी हसण्यावारी नेला, तिथंच आमचं काम गेलं."

"काय विचारलं?"

"त्यांनाच विचारा ना. मना तोंडतून कशाले?" आणि हसत गाडीत बसला.

आमच्या बघण्याच्या वेळी वै.ने मला काही विचारलं नाही. एक शब्द नाही. मला सगळं आठवतं: पोहे, तिची निळी साडी, मामांचा खोकला. तिच्या वडिलांनी विचारलं, "तुला काही विचारायचंय का?" आणि तिने मान हलवली. नाही.

त्याला विचारावंसं वाटलं. मला नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

वेल्डिंगवाला येऊन बघून गेला. नटाच्या तोंडावर दुसरा साधा नट वेल्ड करून निघेल म्हणतो. पण आच अलॉयला लागेल, चाक वाचेलच असं नाही. आणि आखाजी होईपर्यंत त्याला वेळ नाही.

म्हणजे तीन नवे टायर, मागच्या डाव्या चाकावर जुना. आणि तो रस्त्यात फुटला तर स्टेपनी असून उपयोग नाही, कारण चाकच निघणार नाही.

आबा: "तिच्या भावाला बोलव. मोटरसायकलवर घेऊन जाईल."

मी जुन्या टायरची हवा मोजायला घेतली.

आबा: "मग ऊन व्हायच्या आत निघ. पळवू नको. तिला पुढे बसव, मागे सामान ठेवू नको." थोड्या वेळाने परत आले. "आणि तिला सांग. कुठल्या टायरवर नेतोय ते."

संध्याकाळी वै.ने गाडी धुतली. मी ओट्यावरून बघत होतो. मागच्या डाव्या चाकापाशी थांबली. ओल्या फडक्याने पुसलं, परत पुसलं. चीर पुसून जाईना. बोट लावून बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

आत आल्यावर म्हणाली, "चावी आली ना?"

दिली. फडकं सोडून बघितलं, वास घेतला. "कापराचा वास येतोय." मग स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

मी टायरचं सांगितलं. तो जुना आहे, चाक निघत नाही. का निघत नाही ते म्हणालो, "नट खराब आहे."

"मग जायचं ना?"

"तुझी इच्छा."

"मी तुम्हाला विचारतेय."

"जाऊ. हळू नेईन."

"बरं."

१८ एप्रिल, शनिवार. भडगाव.

पोचलो. टायर टिकला. कडुलिंबाच्या सावलीत गाडी लावलीय, गाडीतच बसून लिहितोय. जेवण झालं. थोड्या वेळात एकटाच परत निघायचं.

पाचोऱ्यापर्यंत चाळीसच्या वर गेलो नाही. मी खिडकी उघडी ठेवून मागच्या चाकाचा आवाज ऐकत होतो. प्रत्येक खड्ड्याला ब्रेक. पाचोरा मागे पडलं आणि तीच म्हणाली, "परवा काय बोलले ते दुकानावर?"

"म्हणाला, तू त्याला काहीतरी विचारलं होतंस."

"हं."

"काय?"

समोरून केळीचा ट्रक येत होता. तो जाईपर्यंत थांबली. "विचारलं होतं, राग आला की तुम्ही काय करता. ते हसले. म्हणाले, मला रागच येत नाही."

"मग?"

"मग काय. रागच येत नाही असं कुणी असतं का?"

मी गिअर बदलला. मग तोंडातून गेलंच. "मला नाही विचारलंस."

"विचारणार होते. ठरवून बसले होते." खिडकीतून बाहेर बघत बोलत होती. "तुम्ही लोक आलात. सगळे चपला काढून आत गेले, तुम्ही मागे थांबलात. सगळ्यांच्या चपला ओळीत लावल्यात. आमच्या बाबांची उलटी पडली होती, ती सरळ केलीत. मी आतल्या दारातून बघत होते. मला वाटलं, यांना विचारायची गरज नाही."

वाटलं. तेव्हा.

मला ते आठवतही नाही. चपला मी कुठेही लावतो.

मग म्हणाली, "तो नट आधीपासून तसा नव्हता ना?"

खोटं तोंडापर्यंत आलं होतं. आबांनी आयतं तयार करून दिलं होतं. म्हटलं, "नव्हता. मी छिन्नी मारली."

"राग आला होता?"

"हो."

"कुणाचा?"

गिरणेचा पूल आला. पुलावर मागून एसटी, हॉर्नवर हॉर्न. मी म्हटलं, "थांब, ही जाऊ दे." एसटी गेली. पूल संपला. मग गाव, मग तिची गल्ली. तिचा भाऊ धावत आला. "दाजी, गाडी तर भारी शे!" तिने परत विचारलं नाही. ती तशी परत विचारत नाही.

जेवताना सासूबाई वाढत होत्या, पुरणपोळी, आमरस, वर तूप. सासरे गाडीभोवती फिरून आले. म्हणाले, "ही तर बघितल्यासारखी वाटते." वै. पटकन म्हणाली, "राखाडी गाड्या सगळ्या सारख्याच दिसतात, बाबा." मी ताटात बघून जेवलो.

निघायचं म्हणून लॉक नटाची चावी मागितली. म्हणाली, "राहू दे माझ्याकडे. बाकीचे तीन नट फेकले नाहीत ना?"

"डब्यात आहेत."

"फेकू नका."

कशासाठी, ते सांगितलं नाही. मैत्रिणी ओढतच घेऊन गेल्या तिला. समोरच्या लिंबाला झोका बांधलाय, गाणी चालू आहेत. घ्यायला मीच यायचंय, भाऊ सोडायला येणार नाही. तेवढं तिने सगळ्यांसमोर सांगितलं.

कुणाचा राग? इथे तरी लिहून बघावं म्हणून वही काढली. धु.चा, असं लिहिलं. खोडलं. त्याने काय केलं? मामांचा. तेही खोडलं. वै.चा लिहायला घेतलं आणि समोर बघितलं तर झोका वर गेला होता आणि ती वरून माझ्याकडेच बघत होती. हात सोडून काहीतरी खूण केली. जा, अशी, की थांब, अशी, कळलं नाही.

सीट थोडी मागे घेतली. उतरून तो टायर एकदा हाताने बघतो. मग ठरवतो.